रेघ मधेच संपते

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांतले सगळे साप भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असत. रोह्याला नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने ते सगळे फिरवून सरळ केले. विद्यार्थ्यांना डोक्यावरचे खवले बघायचे असतात, ते काय शेपटीकडून बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडते तर सगळे पुन्हा भिंतीकडे. शिपायाला विचारलं, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "सरांनी फिरवले. मागच्या मॅडमनीपण तुमच्यासारखंच केलं होतं. त्यांची नोकरी गेली." त्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या आणि साप जागच्या जागी ठेवले असते तरी त्यांची नोकरी जाणारच होती, हे मला नंतर कळलं. पण तोवर मी बरण्यांना हात लावायचं सोडून दिलं होतं.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. उंच, वाळलेले, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पायात रबरी चपला. त्यांच्या येण्याचा आवाज होत नसे. आपण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेलो असावं आणि मानेमागे कुणीतरी श्वास सोडावा, की समजायचं, सर आले. मी या प्रकारात बऱ्याच काचपट्ट्या फोडल्या. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. ते वाकून तुकडे गोळा करायचे आणि आले तसे निघून जायचे.

बरण्यांचं मी पुढे धीर करून विचारलंच. सर म्हणाले, "सापाला पापण्या नसतात, हे तुम्ही वर्गात शिकवता ना?"

"हो."

"मग मेल्यावर त्याचे डोळे मिटणार कोण? ही सगळी मंडळी तुमच्या जन्माच्या आधीपासून डोळे उघडे ठेवून त्या बरण्यांत बसली आहेत. निदान समोर भिंत तरी असू द्या त्यांच्या."

वेळापत्रकातला बदल सांगावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. त्या दिवसापासून संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना मी त्या कपाटाकडे पाठ करेनाशी झाले. आजही करत नाही.

सरांचा एक प्रश्न सगळ्या रोह्यात प्रसिद्ध होता. "पाहिलंत की ऐकलंत?" शिपाई म्हणायचा, "सर, पाऊस थांबला." सर विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?" बिचारा पुन्हा व्हरांड्यात जाऊन हात बाहेर काढून यायचा. प्राचार्य एकदा मोठ्या अभिमानाने म्हणाले की आपल्या कॉलेजचं नाव आता मुंबईपर्यंत गेलं आहे. सरांनी तोच प्रश्न विचारला आणि प्राचार्यांनी लगेच बैठकीतला पुढचा विषय घेतला. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये 'दिसले' हा शब्द आला की सर त्या विद्यार्थ्याला समोर बसवून तेच पुन्हा पाहायला लावत. दिसलं नाही तर शब्द खोडायचा. पुस्तकात आहे, सगळ्यांनी लिहिलं आहे, असली कारणं चालत नसत. मात्र एखाद्याने खरंच काही पाहून सांगितलं की ते हात बांधून म्हणायचे, "बोला साक्षीदार." त्यांच्या तोंडून ते ऐकायला पोरं जीव टाकायची. मीही टाकायची, यात लाजायचं काही नाही.

सर पलीकडच्या अष्टमी गावात राहायचे. रोह्याहून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला दुकानांच्या मागे एक दुमजली घर होतं, त्याच्या वरच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. लग्न केलं नव्हतं. खालच्या घरमालकीणबाईंची एकच तक्रार होती. "भाडं वेळेवर देतात, माणूस सज्जन आहे, पण दिवा लावत नाहीत हो. दिवेलागणीला वर बघावं तर काळोख, आणि काळोखात कुणीतरी फिरतंय. माझ्या सुनेने वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचं बंद केलं." मी सरांना थट्टेत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सवय करतो आहे." कसली सवय, ते त्यांनी सांगितलं नाही. पुलावरून जाताना ते कठड्याला हात लावून चालायचे, कायम डावा हात, तेही मला त्यांच्या शंभर तऱ्हांपैकी एक तऱ्हा वाटायची.

एका जुलैत, वीज गेलेली असताना, त्यांनी मला त्यांच्या सापाची गोष्ट सांगितली. बाहेर दुपार होती, पण आभाळ इतकं उतरलं होतं की समोरचा माणूस नुसता शर्टावरून ओळखायचा. सर तरुण असताना पेणच्या अंगाला, डोंगरातल्या रानात गेले होते. कुजलेल्या पानांत त्यांना करंगळीएवढा जाड, तपकिरी, बोथट तोंडाचा साप दिसला. तो शेंबडी खात होता. शेंबडी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, पावसात मोरीत येते ती. सापाने ती तोंडात धरली होती आणि तिचा चिकटा डोक्यावर येऊ नये म्हणून तो मधूनमधून तोंड पानांना पुसत होता. सर उकिडवे बसून ते सगळं संपेपर्यंत बघत राहिले. मग साप निघून गेला.

"असा साप इकडे नसतो," सर म्हणाले. "तो खाली दक्षिणेत, घाटातल्या बारमाही ओल्या रानात असतो. तिथून इथवर कुणी पाहिल्याची नोंद नाही. मी धावत माझ्या सरांकडे गेलो. फोटो नव्हता, पकडलाही नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाहिलंस की ऐकलंस?"

त्या प्रश्नाचं मूळ मला तेव्हा कळलं. सर हसले असावेत, मला नीट दिसलं नाही.

"मी म्हणालो, पाहिला. ते म्हणाले, दाखव. आता कितीतरी पावसाळे झाले. मीच मला विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. एकदा पुन्हा पाहायचा आहे. बाकी मला या डोळ्यांकडून काही नको."

मग तशाच साध्या आवाजात त्यांनी सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे, बाजूचं दिसणं केव्हाच गेलं, आता मधलं जातंय. पनवेलच्या डॉक्टरांनी औषधं दिली आहेत, पण गेलेलं परत येत नाही. कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. कठडा, काळोख, पाठीमागून अगदी जवळ येऊन उभं राहणं, सगळ्याचा अर्थ एका क्षणात लागला आणि मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला गेले, तर ते म्हणाले, "घाबरू नका. एका सापापुरती नजर शिल्लक आहे."

माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. पेणहून गागोदे बुद्रुकच्या रस्त्याने डोंगराच्या पायथ्याशी गेलं की एका वाडीच्या टोकाला. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब पडवी, तीन बाजूंनी काठ्यांचा लिंपलेला कूड, मागे भात आणि भाताच्या मागे लगेच रान. मामा शाडूच्या मूर्ती घडवतो आणि मामी आखणी करते. आखणी म्हणजे डोळे काढणं. रंगकाम कुणीही करावं, पण डोळे एकाच हाताचे असावे लागतात. आधी ते काम माझी आजी, म्हणजे मामीची सासू करायची. आजी गेली ती हातातलं काम टाकून. समोरच्या मूर्तीचा एक डोळा काढून झाला होता, दुसरा राहिला. मामीने तो पुरा करायला कधी हात लावला नाही. मूर्ती मागच्या कोपऱ्यात, शाडूच्या ढिगाजवळ, तशीच एका डोळ्याने बघत होती.

त्या घराचा आजीपासूनचा एक नेम आहे. कारखान्यात मूर्तीचे डोळे होईपर्यंत आत आलेल्या कुठल्याही जिवाला हाकलायचं नाही. पाल, बेडूक, कोळी, मांजर, कुणीही असो. धनी, म्हणजे गणपती, अजून आंधळा आहे, त्याच्या घरात कोण आलं ते त्याला कळत नाही, मग आपण कोण बाहेर काढणारे? डोळे झाले की धूप फिरवायचा, ओली पोती उचलायची, झाडलोट करायची आणि दारात उभं राहून सांगायचं, "आता धनी बघतोय, तुमी जावा." ती एक मूर्ती अर्धी राहिल्यामुळे मागच्या कोपऱ्याची झाडलोट कित्येक वर्षं झालीच नव्हती. ती पोती तशीच, तो शाडू तसाच, वरून पत्रा ठिबकतोय.

त्या पावसाळ्यात मामीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"गो, तू शिकलेली हायेस, मला सांग. सकालची पडवीत जाते तर मूर्तींच्या तोंडावर रेघा असतात. चकचकीत. डोल्यांच्या जागेवरनं बरोबर जातात. मी पुसते, दुसऱ्या दिशी परत. रंगवायला येणाऱ्या बाया म्हणतात, म्हातारी आखणी करायला येते. दोघी यायच्या बंद झाल्या."

मी म्हटलं, मामी, शेंबड्या असतील, त्यांचा चिकटा वाळला की चकाकतो.

"मला काय शेंबडीची रेघ ठावूक नाय व्हय? पण शेंबडी रेघेच्या टोकाला सापडते. ही रेघ मधीच संपते. गालावर येते, सोंडेवर येते, नि संपते. पुढं काय नाय. उचलून नेल्यावानी. आता दिव्यांच्या अवसेला मी सासूबाईंच्या हातनं राहिलेला डोला पुरा करून टाकनार हाय. मग तो कोपरा धुवायचा. म्हातारी सुटंल नि आमीपन सुटू."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी हे सरांना सांगितलं, गंमत म्हणून. सरांनी कप खाली ठेवला. बशीत न ठेवता बशीच्या शेजारी, टेबलावर.

"संपते कुठे?" त्यांनी विचारलं.

"मधेच. मामी म्हणते, उचलून नेल्यासारखी."

"तुमच्या मामींनी पाहिलं?"

"रोज पाहते."

सरांनी चाचपून कप परत बशीत ठेवला. मग म्हणाले, "तो साप बघत नाही हो. त्याला दिसत असेल, पण तो दिसण्यावर चालत नाही. तो ती रेघ जिभेने वाचत येतो. जिथे रेघ संपते तिथे तो जेवलेला असतो." आणि मग, जणू उशीर झाला असावा तसे ते उभे राहिले. "अवस केव्हा आहे?"

आम्ही रोह्याहून दर रविवारी सकाळच्या गाडीने पेणला जायचो आणि तिथून रिक्षाने वाडीवर. पहिल्या खेपेला मामीने सरांना पडवीत नेलं आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं. ओळीने मांडलेले गणपती, अंगाला गुलाबी रंग, हात आशीर्वादाला उचललेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसता सपाट रंग. लहानपणापासून मी त्या पडवीत वावरले होते, पण त्या दिवशी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून त्या चंदेरी रेघा गेल्या होत्या आणि मला आत पाय टाकवेना. एकीचा वळसा भुवईवरून होता, एकीचा गालावरून. दारातून आलेला उजेड जसा हलायचा तशा त्या हलायच्या. कुणीतरी या सगळ्यांचे डोळे काढायचा प्रयत्न करतंय आणि त्याला ते जमत नाहीये, असं वाटत होतं.

सर मात्र लग्नघरात आल्यासारखे खूश होते. मूर्तीला नाक लागेल इतके जवळ जाऊन ते एकेक रेघ बघत. "ही संपली," ते म्हणायचे. "हीसुद्धा." मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ह्यांना म्हातारीची भीती नाय का गो?" मी म्हटलं, ते तिच्याच वाटेकडे डोळे लावून आहेत. मामाला ते पटलं असावं. त्याने सरांना बसायला पाट दिला.

साप दिसला नाही. पुढच्या रविवारीही नाही. सर पाटावर बसून राहायचे, आम्ही त्यांच्या हातात चहा द्यायचो आणि मामी समोरच्या ओळीतल्या मूर्तींचे डोळे काढत जायची. एका वेळी एक. ती काढताना श्वास धरायची आणि पडवीत फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. झालं की ओळीतला आणखी एक गणपती एकदम आमच्याकडे बघायला लागायचा. जसजशी अवस जवळ आली तसतसा मागच्या कोपऱ्याचाच भाग तेवढा आंधळा राहिला. रेघाही आता तिकडेच सरकल्या. मला ते आवडत नव्हतं. सरांना मी म्हटलं की पोती उचलून बघू या, असेल तर तिथेच असणार. ते म्हणाले, "घराचा नेम आहे. आपण पाहुणे आहोत, तोही पाहुणा आहे."

परतताना स्टेशनवर मी त्यांना गाडी आल्याचं सांगितलं. त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. नुसता माझ्या पिशवीचा बंद धरला.

दिव्यांच्या अवसेला कॉलेज होतं. आम्ही दोघांनी रजा टाकली. दुपारी वाडीवर पोचलो तेव्हा मामीने घासलेले दिवे पाटावर मांडून ठेवले होते, कणकेचे दिवे वाफवले होते, आणि आखणीचा बारीक कुंचला धुऊन काळा रंग कालवून ती वाट बघत होती. बाहेर धो धो पाऊस. पडवीत दिवसाही बल्ब लावायला लागायचा, पण मागच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा उजेड जेमतेम पोचायचा.

आम्ही तिघं कोपऱ्यात गेलो, सर माझ्या पिशवीचा बंद धरून. एका डोळ्याचा तो गणपती मांडी घालून बसला होता. आजीने काढलेला डोळा काळाभोर, जिवंत. दुसऱ्या बाजूला काही नाही. त्या कोऱ्या बाजूवरून एक ओली रेघ खाली आली होती, सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर. आणि मांडीत तो होता.

मी आधी त्याला नागबंध समजले. गणपतीच्या पोटाला मातीचा नाग बांधलेला असतो, तसा. मग त्याने तोंड मूर्तीच्या अंगाला पुसलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जेवल्यावर आपण ओठ पुसतो तसं. तपकिरी, करंगळीएवढा, बोथट तोंड, पाठीवर मानेपासून निघालेली एक काळी रेघ. सरांनी सांगितलेलं सगळं. मी मोबाइल काढला, फोटो घेतले, डोक्याचे, पाठीचे, पोटाचे जितके जमतील तितके. आणि मग हळूच म्हटलं, "सर, आहे. मांडीत."

सर वाकले. नेहमीसारखे नाक लागेल इतके जवळ. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, किंचित मागे घेतली. ते ओठ आवळून बघत होते. खूप वेळ बघत होते. साप शांत पडून होता. मी सांगत होते, थोडं खाली, सर, थोडं डावीकडे. त्यांचा चेहरा सापाच्या समोर होता आणि त्यांची नजर मूर्तीच्या गुडघ्यावर होती.

मामीने माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं.

"सर," ती म्हणाली, "तुमाला दिसत नाय ना?"

"नाही," सर म्हणाले. "सकाळपासून नाही. सकाळी उठलो तेव्हा थोडंसं होतं ते गेलं. मला वाटलं, इथे आल्यावर..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्या पाण्याचाही राग आला. इतके पावसाळे थांबलेला माणूस एका सकाळने चुकला होता. मी काही बोलणार तोवर मामीने कुंचला कानामागे खोवला, सरांचा उजवा हात धरला आणि त्यांचं बोट मूर्तीच्या कोऱ्या डोळ्याच्या जागेवर नेऊन टेकवलं.

"हितनं निघाली हाय," ती म्हणाली. "तुमी जावा तिच्यामागनं. घाई नका करू."

सरांचं बोट त्या ओल्या चिकट रेघेवरून खाली यायला लागलं. गालावरून, सोंडेच्या वळणावरून. तिथे ते चुकलं, कोरड्यावर गेलं, मग परत ओलं सापडलं. पोटावरून मांडीवर. साप हलला नाही. त्याने जीभ बाहेर काढली, आत घेतली. तो विषारी नसतो आणि माणसाला चावायला त्याचं तोंडही पुरणार नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी श्वास धरला. रेघ संपली. सरांचं बोट थांबलं. आणि मग सापाने, अगदी सावकाश, त्यांच्या बोटावर मान टाकली. तिथून मनगटावर, मनगटावरून शर्टाच्या बाहीच्या कडेपर्यंत तो सरकत गेला, जीभ काढत, वाचत, आणि थांबला.

"थंड आहे," सर म्हणाले. इतकंच.

ते तसेच उभे राहिले. पत्र्यावर पाऊस पडत होता. समोरच्या ओळीतले सगळे गणपती आमच्याकडे बघत होते. थोड्या वेळाने साप उलटा फिरला, मांडीवर उतरला आणि मामीने विचारलं, "काढू डोला?"

"काढा," सर म्हणाले. "कुणाला तरी दिसू दे."

मामीने श्वास धरला आणि दुसरा डोळा काढला. हात जराही हलला नाही. धूप फिरवला, दाराकडे वळून म्हणाली, "आता धनी बघतोय, तुमी जावा." साप मूर्तीवरून उतरून कुडाच्या फटीतून भाताच्या बांधाकडे गेला. हे मी स्वतः पाहिलं आहे. धुराने गेला की म्हटल्याने गेला, ते मला सांगता येणार नाही. निघताना मामीने त्या कोपऱ्यातला ओल्या शाडूचा एक मोठा गोळा पोत्यात गुंडाळून सरांच्या हाती दिला. "घरी ठेवा. हाताला बरं वाटंल."

त्या सापाची नोंद मी लिहिली. आपल्या भागात हा साप प्रथमच आढळल्याची, फोटोंसह, खवल्यांच्या वर्णनासह. पाहणाऱ्यांत सरांचं नाव पहिलं घातलं आणि अष्टमीत त्यांच्या घरी जाऊन त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी एकदाही अडवलं नाही. नावांशी आल्यावर म्हणाले, "माझं खोडा."

मी भांडले. सरांशी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, तुमच्या हातावर होता तो, सर.

"होता. पण मी पाहिला नाही."

"मग तेव्हा, तरुणपणी पाहिलात तो?"

"तेव्हाचं आता ऐकीव झालंय," सर म्हणाले. "माझंच, माझ्याकडून ऐकलेलं. खोडा."

मी खोडलं. नोंद छापून आली, शेवटच्या ओळीत सरांचे आभार आले. प्राचार्यांनी माझा सत्कार केला, शाल घातली. मला ती शाल टोचत होती. घरी आणून मी ती कपाटात अगदी खाली टाकली.

त्यानंतर सर निवृत्त झाले. पुढच्या श्रावणात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरमालकीणबाई दारातच म्हणाल्या, "आता उलटंच झालंय. दिवा विझवतच नाहीत. दिवसाढवळ्यासुद्धा." वर गेले तर खरंच, भर दुपारी दिवा लावलेला, आणि सर खिडकीजवळ खुर्चीत बसलेले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. खिडकीखाली पोत्याखाली तो शाडूचा गोळा होता. पोतं ओलं होतं. खोलीत पाऊस आणि मातीचा वास होता.

"या," सर म्हणाले. "दिवा लावलाय, तुम्हाला दिसायला हवं. भिंतीवर रेघा आहेत का हो? हाताला लागतात, पण खात्री नाही."

होत्या. शाडूपासून निघून भिंतभर पसरलेल्या, दिव्यात चकाकणाऱ्या. गोळ्याबरोबर शेंबड्यांची अंडी आली असणार, आणखी कुणाचीही आली असतील, त्यात नवल नव्हतं. मी म्हटलं, "आहेत, सर. पाहिल्या."

"एखादी मधेच संपते?"

मी एकेक रेघ बघत गेले. पुष्कळशांच्या टोकाला शेंबडी होती. एक रेघ मात्र भिंतीवरून खाली उतरून खुर्चीच्या पायावर चढली होती, पायावरून हातावर आली होती, आणि सरांच्या मनगटापाशी, बाहीच्या कडेला, संपली होती. शेंबडी कुठेच नव्हती. मी वाकून बघितलं. सरांचा हात लाकडावर स्थिर होता. बाही मात्र हलली.

"बोला साक्षीदार," सर म्हणाले.

मी खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले. मग मी सांगायला लागले. बाहीतून आधी बोथट तोंड बाहेर आलं, ते सांगितलं. मग मान, मग मानेपासून निघणारी काळी रेघ. रंग किती तपकिरी, कडेला किती फिकट. तो तोंड पुसतोय, सर, तुमच्या बाहीला पुसतोय, आधी एका बाजूने, आता दुसऱ्या. डोळा लहान आहे, गोल, उघडा, दिव्याचा ठिपका दिसतोय त्यात. तो तुमच्याकडे वळलाय. सर ओठ हलवत माझा एकेक शब्द मागोमाग म्हणत होते आणि त्यांचा चेहरा त्या दुपारी फार तरुण दिसत होता. मी सांगून संपले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पाहिला," सर म्हणाले.

पाहिलात की ऐकलात, असं मी विचारलं नाही.